नाव घेणं

बोर्ड आम्ही गोणपाटात गुंडाळून नेला होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. रंग वाळून चार दिवस झाले होते, तरी प्रवासभर गाडीत ऑइल पेंटचा वास येत राहिला. कळसूबाईच्या रांगेतली ती एक वाडी, डांबरी रस्ता संपल्यावर पाऊण तास चालायला लावणारी. भाद्रपद होता. खाचरांत भात पोटरीला आलेलं, बांधांवर तेरडा, आणि वरच्या उतारांवर सोनकीचा पिवळा रंग नुकता पसरायला लागलेला. दोघांनी बोर्ड डोक्यावर धरून आणला आणि मावशींच्या सारवलेल्या अंगणात, पडवीच्या मेढीला टेकवून उभा केला. गोणपाट काढलं. एका पोरानं मोठ्यानं वाचलं. मावशींच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, आणि पुढे 'शिखर'. टाळ्या वाजल्या. मावशी उंबऱ्याशी उभ्या होत्या, पदराचं टोक दातांत धरून. त्यांची नजर पत्र्यावर नव्हती, घरामागच्या डोंगरावर होती. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आन् मंग म्या काय म्हनू त्याला?"

पोरं हसली. "शिखर म्हणा मावशी, शिखर!" कोणीतरी म्हणालं. मावशींनी मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मीही हसले होते. चहा पिऊन, पोरांचे फोटो काढून, अंधाराच्या आत आम्ही खाली उतरलो. रात्री घरी पोचल्यावर पायांवर गरम पाणी ओतत होते, बुटांतून आलेला लाल चिखल मोरीच्या फरशीवरून वाहत होता, आणि अचानक माझ्या लक्षात आलं की मावशी काय विचारत होत्या.

मावशींनी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलेलं नाही.

रेशन कार्डासाठी म्हणा, दवाखान्याच्या कागदासाठी म्हणा, नाव सांगायची वेळ आली की त्या शेजारच्याला कोपरानं ढोसत, "तू सांग." एरवी 'हे', 'ते', 'आमच्या घरातलं मानूस', नाहीतर थोरल्या मुलाचं नाव घेऊन त्याचा 'बा'. लग्नात पाच बायकांनी दारात अडवून उखाण्यात घ्यायला लावलं असेल तेवढंच. आणि आम्ही नेमकं तेच नाव उचलून त्यांच्या घरामागच्या डोंगराला लावलं होतं. ज्या डोंगराचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात दिवसातून वीस वेळा येतो. गुरं डोंगरावर गेलीत, डोंगराआडून पाऊस येतोय, डोंगराच्या कुशीतलं पाणी आटलं, डोंगरावरची करवंदं पिकली. उद्यापासून हे सगळं त्यांनी कसं बोलायचं? गुरं कुठे गेलीत म्हणून सांगायचं? त्या माणसाची आठवण आम्ही वर चढवली होती आणि त्याच हातानं त्यांच्या तोंडचा डोंगर काढून घेतला होता.

त्या माणसाबद्दल थोडं सांगते. नाव लिहिणार नाही. ज्या नावासाठी मावशी अडल्या ते मी इथे छापून टाकणं बरं दिसत नाही, म्हणून फक्त बाबा. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो. बुटके, काटक, पावसाळ्यात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेले. खोळ घेऊन ते समोरून यायला लागले की चालता खडकच वाटायचे. वीस वर्षांपूर्वी आमचा पाच जणांचा गट धुक्यात वाट चुकून कड्याच्या तोंडाशी येऊन बसला होता, तेव्हा ते पहिल्यांदा भेटले. खालून हाक आली, "हलू नगा. हाय तिथंच बसा." मग अर्धा तास काहीच नाही, नुसती कारवीच्या झुडपांतून येणारी सळसळ, आणि मग धुक्यातून ती खोळ वर आली. आमच्यातल्या कोणालाही ते रागावले नाहीत. एकेकाचा हात धरून खाली आणताना पाय कुठे ठेवायचा एवढंच बोलत होते. त्यांच्या घोंगडीला ओल्या लोकरीचा, चुलीच्या धुराचा आणि गुरांचा मिळून एक वास होता. तो वास आजही कुठे आला तर मला आधी सुटका झाल्यासारखं वाटतं, मग आठवतं की कशातून.

आमच्यासारखे कितीतरी त्यांनी उतरवले असतील. पण वाडी त्यांना त्यासाठी ओळखत नव्हती. वाडीला ते ठाऊक होते डोलीच्या पुढच्या दांडीसाठी. अडलेली बाळंतीण किंवा ताप डोक्यात गेलेलं माणूस चादरीच्या झोळीत घालून रात्रीतून रस्त्यापर्यंत न्यायचं असलं की पुढच्या दांडीला बाबा, कारण अंधारात ती वाट पायांनी ओळखणारे तेच. कोणत्या महिन्यात कोणत्या झऱ्याचं पाणी गोड राहतं, कुठला दगड पावसात फिरतो, हे त्यांना विचारावं लागत नसे. ते चालत, आपण त्यांच्या टाचांकडे बघत चालायचं.

आणि ज्या डोंगरावर हे सगळं झालं, त्याला आमच्या नकाशात नाव नव्हतं. उंचीचा आकडा होता फक्त. नावं मोठ्या शेजाऱ्यांना. बाबा गेल्यावर वर्षभरात आमच्यातल्या एकाला ही कल्पना सुचली आणि सगळ्यांना ती इतकी बरोबर वाटली, की कोणी दुसऱ्यांदा विचार केला नाही. बोर्डावरचा मजकूर मी लिहिला. 'शिखर' हा शब्द माझा. वाडीत त्याला कोणी शिखर म्हणत नाही.

बोर्ड पाहून परतल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटी कळसूबाईला गेले. मुद्दाम. बारी गावातून चढायला लागलं की पहिला तासभर शेतं, मग दम काढणारी चढण, मग लोखंडी शिड्या. शिडीच्या पायऱ्यांना सकाळच्या दवाचा गारवा असतो आणि हाताला लोखंडाचा वास लागून राहतो. वर १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी, एवढंसं देऊळ. आत तीन-चार माणसं दाटीवाटीनं मावतील. कळसूबाईची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण यावेळी ती वेगळी ऐकू आली. कळसू ही कोळ्याची मुलगी. पायथ्याजवळच्या इंदोर गावात एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. दुसऱ्या सांगण्यात अट बरोबर उलटी आहे : भांडी आणि केर एवढंच करीन, बाकीच्या कामाला हात लावणार नाही. अट कुठली होती यावर लोकांचं एकमत नाही. पण पुढचं सगळे सारखं सांगतात. एक दिवस घरच्यांनी अट मोडली. तिनं सांगितलेलं काम केलं, एक शब्द बोलली नाही, आणि काम संपवून डोंगर चढून गेली. परत आली नाही. शेवटपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा.

किती विलक्षण आहे हे. महाराष्ट्राच्या माथ्यावर राजा नाही, सेनापती नाही, गव्हर्नर नाही. दिलेला शब्द मोडला म्हणून निघून गेलेली घरकामाची पोर आहे. तिच्या बापाचं नाव, आडनाव, कोणालाही ठाऊक नाही. ते कोणी विचारतही नाही. आणि लोक काय म्हणतात ते ऐकावं. ट्रेकर म्हणतो, "कळसूबाई केला." पायथ्याची माणसं म्हणतात, "कळसूबाईला चाललो." बहिणीकडे, आत्याकडे जावं तसं. नवरात्रात जत्रेला चढणाऱ्या बायकांमागून मी एकदा चालले आहे. हातात पूजेचं ताट, पाय अनवाणी, आणि वरच्या बाईशी संबंध असा की जणू ती दारात वाट बघत उभी असेल. डोंगर आणि माणूस यांच्यातली शिवण तिथे दिसतच नाही. कळसूवरून कळसूबाई, की डोंगराच्या कळसावरून त्या पोरीला हे नाव पडलं, हेही आता सांगता येणार नाही. मी देवळाच्या सावलीत बसून हेच ठरवायला आले होते की माणसाचं नाव डोंगराला द्यावं की नाही, आणि इथे तर दिलेलंच होतं, शतकानुशतकं टिकलेलं होतं. फक्त ते कोणी दिलं त्याची नोंद नव्हती. बोर्ड लावायला कोणी आलं नव्हतं. एकीनं दुसरीला सांगितलं असेल, ती बघ, तिथं कळसू राहते.

सह्याद्रीत नावं बहुतेक अशीच पडलेली आहेत, बोलता बोलता. माहुलीच्या सुळक्यांना नवरा, नवरी, करवली, भटोबा म्हणतात. अख्खं लग्न दगडात उभं आहे. रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे, बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचा. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगरानं दाखवली असं सांगतात, तो हा शिंग्रोबा. घाटातून जाणारे ड्रायव्हर अजूनही गाडीतून त्याच्यापुढे नाणं टाकतात. आणि घोडखिंडीचं काय झालं पहा. १६६० साली तिथे बाजीप्रभू पडले. लोकांनी तिला बाजीखिंड म्हटलं नाही, पावनखिंड म्हटलं. माणसाचं नाव बाजूला राहिलं आणि त्याच्यामुळे जागेला जे झालं तेच नाव झालं. मला हे फार मोठ्या समजुतीचं वाटतं. ज्यानं कोणी पहिल्यांदा 'पावन' हा शब्द उच्चारला त्याला बाजींबद्दल आदर कमी नव्हता.

उलट्या बाजूची नावंही याच डोंगरांत आहेत. खंडाळ्याजवळची नागफणी. फणा काढलेला नाग कोणाही पोराला दिसेल इतका स्पष्ट, पण इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं आणि ड्यूक्स नोज हे नाव बसलं. महाबळेश्वरला सिंडोल्याच्या टेकडीचा विल्सन पॉइंट झाला, नाके खिंडीचा केट्स पॉइंट. केट ही गव्हर्नर माल्कम यांची मुलगी असं सांगतात. तिला तिथे बसून कृष्णेचं खोरं बघायला आवडत असेल, त्यात तिचा काही दोष नाही. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा ही सगळी नावं आम्ही वहीत उतरवून घेतली होती. सिंडोला हे नाव मला चाळिशीत कळलं. ते कळल्यावर वाटलेली शरम अजून गेलेली नाही. आणि आता मी स्वतः निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव लिहून वर घेऊन गेले होते. नाव इथल्याच माणसाचं होतं, ज्याच्या पायांनी ती वाट झाली त्याचं होतं, हे खरं. पण पत्रा तोच होता.

या सगळ्यात मला सारखी आठवण येत राहिली ती जॉर्ज एव्हरेस्ट यांची. डोंगराला माणसाचं नाव दिल्याचं सर्वांत मोठं उदाहरण तेच. शाळेत आपण फक्त एवढं शिकतो की ते भारताचे सर्वेयर जनरल होते. ते १८४३ सालीच भारत सोडून गेले होते. सर्वेक्षणाच्या यादीतलं पंधरा नंबरचं शिखर जगात सर्वांत उंच आहे हे खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून पुढे आलं १८५२ साली. त्याला आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचं नाव द्यावं असं अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये सुचवलं. स्थानिक नाव सापडत नाही, हे त्यांचं कारण. आणि या सगळ्यात आडवा आलेला माणूस कोण, तर खुद्द एव्हरेस्ट. ते म्हणाले, हे नाव हिंदीत लिहिता येत नाही आणि तिथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं नाव पक्कं केलं, पुढच्याच वर्षी ते वारले. तिबेटी लोक त्या डोंगराला चोमोलुंगमा म्हणतच होते. गंमत म्हणून नव्हे, दुःख म्हणून सांगते, की ते स्वतः आपलं आडनाव 'ईव्हरेस्ट' असं म्हणत. आज सारं जग त्यांच्या नावानं जो डोंगर ओळखतं, त्याचा उच्चार त्यांना परका वाटला असता.

एव्हरेस्टसाहेबांचा आक्षेप आणि मावशींचा आक्षेप एकच आहे.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कळसूबाईच्या शिड्या उतरत होते आणि मधेच थांबले. मागच्या मुलाला म्हणावं लागलं, तू जा पुढे. जिथे डोंगर आहे तिथल्या माणसाला ते नाव तोंडातून काढता आलं पाहिजे. साहेबांना वाटलं जीभ वळणार नाही. मावशींची जीभ वळते, पण वळवायची नाही असं त्यांनी सतराव्या-अठराव्या वर्षी कधीतरी स्वीकारलं आणि साठ वर्षं पाळलं. ही रीत चांगली की वाईट हा प्रश्न माझ्या मनात येतो. मी माझ्या नवऱ्याला नावानंच हाक मारते, आई मात्र माझ्या वडिलांना 'अहो' म्हणत आली. बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. बाबा तर आता गेलेच आहेत. मावशींना हे सांगून बघावं असं एकदा वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. त्यांच्या न बोलण्यात भीती किती आणि जपणूक किती, हे मी बाहेरून कोण ठरवणार?

माझी आजी आठवली. तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तेही एका भांड्यावरून. माळ्यावरून पितळी डबे, तपेली खाली काढली होती. एका तपेलीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. मी आईला विचारलं, ही कोण? आई म्हणाली, "अगं, आजीच." लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं संपलं. तांदळावर लिहिलेलं नाव ताट हलवलं की पुसलं जातं, आणि तरी तेच पुढे साठ वर्षं चाललं. पितळेत कोरलेलं खरं नाव माळ्यावर अंधारात पडून राहिलं. त्या तपेलीला मी चिंच लावून घासलं, ठिपक्यांत साचलेला काळा थर निघून अक्षरं चकचकीत झाली. त्या नावानं मी तिला कधीच हाक मारली नव्हती. मोठ्यानं उच्चारून पाहिलं. स्वयंपाकघरात कोणी वळून पाहिलं नाही. अमेरिकेतल्या डेनाली डोंगराचं वाचते तेव्हा मला ही तपेली आठवते. अलास्कातल्या कोयुकॉन लोकांचं ते नाव, अर्थ साधा, 'उंच असलेला'. १८९६ साली सोनं शोधत फिरणाऱ्या एकानं त्याला मॅकिन्ली केलं, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्या विल्यम मॅकिन्ली यांनी अलास्कात पाऊलही ठेवलं नव्हतं. २०१५ मध्ये सरकारनं जुनं नाव परत दिलं, २०२५ मध्ये परत काढून घेतलं. ताट हलत राहतं.

पण सगळीच उदाहरणं अशी नाहीत, आणि मला त्या बाजूलाही न्याय द्यायचा आहे. नॉर्थ कॅरोलायनात ६,६८४ फुटांचा माउंट मिचेल आहे. इलायशा मिचेल हे प्राध्यापक. हा डोंगर त्या भागात सर्वांत उंच आहे हे त्यांनी बॅरोमीटर पाठीवर वाहून मोजलं होतं. पुढे त्यांचाच एक माजी विद्यार्थी, थॉमस क्लिंगमन, म्हणू लागला की तुम्ही मोजलात तो डोंगर वेगळा. मिचेल १८५७ च्या जूनमध्ये, साठी ओलांडलेली असताना, पुन्हा मोजायला गेले आणि एका धबधब्यावरून पडून गेले. बिग टॉम विल्सन नावाच्या तिथल्या शिकाऱ्यानं पावलांचे माग काढत काढत त्यांना शोधलं. वर्षभरानं त्यांना त्याच डोंगराच्या माथ्यावर पुरलं. हे वाचल्यावर मी नकाशा मिटवून बराच वेळ बसून होते. या माणसाचं नाव त्या डोंगराला नको, असं कोण म्हणेल? कळसू वर गेली ती आली नाही, मिचेल गेले तेही आले नाहीत. तरी मला बिग टॉमही आठवत राहतो, रानातल्या मोडलेल्या काडीवरून माणूस शोधणारा. बाबा त्या जातीचे. क्लिंगमनच्या नावाचंही एक शिखर होतं, २०२४ मध्ये त्याला चेरोकी लोकांचं कुवोही हे नाव परत मिळालं.

अमेरिकेत नावं ठरवणाऱ्या मंडळाचा एक नियम मला फार आवडतो. एखाद्याचं नाव डोंगराला द्यायचं तर तो माणूस जाऊन पाच वर्षं तरी लोटावी लागतात. पाच वर्षं थांबा. दुःख निवू दे, मग बघा अजून द्यावंसं वाटतं का. आम्ही एक वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबलो होतो. आपल्याकडे २०२४ च्या सप्टेंबरात अरुणाचलातल्या २०,९४२ फुटांच्या एका निनावी शिखरावर गिर्यारोहकांची तुकडी पहिल्यांदा चढली आणि त्याला सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचं नाव दिलं. ते तवांगच्या मुलखात जन्मले, मठाची व्रतं सोडून कविता करत राहिले आणि तरुणपणीच गेले. इथे तीनशे वर्षं थांबून झाली होती. लगेच चीननं आक्षेप घेतला. बातमी वाचताना मला नावाच्या राजकारणापेक्षा त्या कवीचं कौतुक वाटलं. घर सुटलेल्या पोराला अखेर घरच्या रानात जागा मिळाली. मग वाटलं, तिथेही पायथ्याशी कोणी म्हातारी असेल. ती त्या डोंगराला काय म्हणते?

बोर्डाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तो वर गेला नाही. मी गटातल्या सगळ्यांना फोन केले आणि मला नीट सांगता आलं नाही. दोघं नाराज झाले. एक म्हणाला, "उद्या नात मोठी होईल, तिला कळायला नको आजोबा कोण होते?" त्याचं चूक नव्हतं. बाबांची नात चौथीत आहे, ती आजोबांचं नाव ठणठणीत घेते, शाळेत डोंगराचं चित्र काढून खाली तेच नाव लिहून आली. बोर्ड वाडीतल्या शाळेच्या खोलीत भिंतीला उभा आहे, पोरं त्याच्यामागे विटी-दांडू ठेवतात. आणि आमच्यातल्या एकानं पहिल्याच रात्री मोबाइलवरच्या नकाशात ते नाव घालून टाकलं होतं, ते तसंच राहिलं. मी कधी कधी रात्री नकाशा उघडते, रांगेवरून बोट सरकवत नेते आणि त्या जागी येऊन थांबते. बारीक अक्षरांत बाबांचं नाव. बघून बरं वाटतं. हे लपवणार नाही. मग नकाशा मिटवते, कुणाच्या घरात न विचारता डोकावल्यासारखी.

या आषाढात पुन्हा वाडीवर गेले. सकाळपासून चिरचिर पाऊस. मावशी पडवीत नाचणीची रोपं जुडी करून बांधत बसलेल्या, हात कोपरापर्यंत चिखलाचे. मला बघून म्हणाल्या, "आलीस बाय, बस." बोर्डाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. मी जुड्या बांधायला घेतल्या, मला जमेनात, त्यांनी माझ्या हातातून काढून घेतल्या. दुपारी पाऊस थांबला. मला संध्याकाळची एसटी पकडायची होती, म्हणून पिशवी उचलली, पायात बूट घालायला वाकले. मावशी उठून अंगणाच्या कडेला गेल्या, पदर डोक्यावर ओढला आणि घरामागे वर पाहिलं. मीही पाहिलं. डोंगराच्या माथ्यावरून करडा ढग दोन्ही खांद्यांवर उतरत होता, हुबेहूब खोळ घेतल्यासारखा.

"आता नगं निघू," मावशी म्हणाल्या. "त्यांनी डोईवर घेतलंय. ते उतरवत्याल तवा जा."

मी बुटाची नाडी सोडली.